शेजारच्या बांधीतलं घरटं

भंडाऱ्याच्या भैय्याजीला पाखरं बरोबर ओळखता येत, माणसांच्या बाबतीत मात्र त्याचा नेहमी घोळ व्हायचा. नाहीतर सानगडीत येऊन त्यानं तेजरामच्या बांधीतल्या घरट्याची राखण गोमाजीकडे दिलीच नसती. गावातल्या शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं, की हे दोघं सात-आठ वर्षांपासून एकमेकांशी बोलत नाहीत. पण भैय्याजीनं विचारलं नाही आणि गावानं आपण होऊन सांगितलं नाही. अशी गंमत घरबसल्या पाहायला मिळत असताना कोण कशाला सांगेल?

त्र्याऐंशी सालचा पावसाळा होता. रोवणे, म्हणजे धानाची लावणी, आटोपत आले होते. चहूबाजूंनी मातीचे धुरे घातलेल्या बांध्यांमध्ये पाणी भरलेलं आणि त्यात धानाचे पऱ्हे नुकते उभे राहिलेले. तेजरामच्या खोलगट बांधीत सारसाच्या जोडीनं गवत-काड्यांचा ढीग रचला आणि त्यावर दोन अंडी घातली. माणसाएवढं उंच पाखरू ते, लपून थोडंच राहणार? बातमी साकोलीच्या बाजारात गेली, तिथून एस.टी.नं भंडाऱ्याला पोचली, आणि दुसऱ्या दिवशी भैय्याजी राजदूत फटफटीवर बसून, गळ्यात दुर्बीण अडकवून हजर झाला.

भैय्याजीचं भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान. बापानं गुंड-घागरी विकून नाव काढलं आणि यानं पाखरांपायी गिऱ्हाइकं घालवली, असं त्याचे भाऊबंद म्हणत. चार-सहा दोस्त जमवून त्यानं पक्षी रक्षण मंडळ काढलं होतं. गावोगावी माणसं गाठायची आणि त्यांना घरट्यांची राखण करायला लावायची, हे मंडळाचं काम. पगार नाही, भत्ता नाही. फक्त एक पितळी बिल्ला मिळायचा, तोही भैय्याजीच्याच दुकानातल्या कारागिरानं ठोकलेला.

तेजराम तसा भला माणूस. भैय्याजीनं हात जोडताच त्यानं घरट्याभोवतालचा तुकडा रोवायचा सोडून दिला. "राहू द्या जी," म्हणाला. "पाखराच्या लेकरायवर नांगर घालून मी का राजा होनार हाओ?" पण राखणीला बसायला त्याला सवड नव्हती. त्याची बाकीची शेती गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. मग भैय्याजीनं इकडे-तिकडे पाहिलं, तर लागूनच वरच्या बांधीच्या कडेला मचाणासारखा एक मांडव आणि मांडवावर एक म्हातारा विडी ओढत बसलेला. इथून घरटं कसं समोर दिसतं. भैय्याजी तडक मांडवाकडे निघाला. तेजराम काही बोलायला गेला, पण मग त्याच्याही मनात काय आलं कोण जाणे, गप्पच राहिला.

तो म्हातारा म्हणजे गोमाजी. साठी उलटलेली, गुडघे धरलेले. पोरगा कोराडीला नोकरीवर, शेतीत मजूर लावून काम चाललेलं. भैय्याजी बोलत असताना त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि बांधी कोणाची हे ध्यानात यायच्या आधी "बसतो ना, तसाही बसूनच राह्यतो," असं म्हणून मोकळा झाला. बिल्ला छातीला लागल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. पण शब्द तर गेला होता, आणि दिलेला शब्द मागं घेणं गोमाजीच्या जिवावर यायचं.

आता या दोघांचं बिनसलं कशावरून, तर हातभर धुऱ्यावरून. दोघांच्या बांध्यांमधला धुरा एका पावसाळ्यात खचला. नवा घातला तो गोमाजी म्हणे माझ्याकडे सरकला, तेजराम म्हणे माझ्याकडे. कोर्टकचेरी केली नाही, हाणामारी केली नाही. नुसतं बोलणं टाकलं. तरण्याताठ्या वयात दंडारीच्या खेळात एकत्र नाचलेली माणसं ही! गोमाजी राजा व्हायचा आणि तेजराम लुगडं नेसून राणी. सकाळी अंगावरचा रंग उतरवायला दोघं एकाच बोडीच्या पाण्यावर जायचे. आणि आता समोरासमोर आले, की एक आकाशाकडे पाही, दुसरा पायाकडे.

पण धानाची शेती अबोल्यावर चालत नाही. वरच्या बांधीचं पाणी खालच्या बांधीतून जातं, खालच्याला सांगितल्याशिवाय वरच्यानं ते सोडायचं नसतं. मग त्यांनी एक वाट काढली. गोमाजीला काही सांगायचं असलं, की तो आपल्या ढवळ्या बैलाला, तेजरामला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा. "काय गा ढवळ्या, उद्या सकारी आपल्याले पानी सोडा लागते. खालच्यानं आपली वाट मोकळी ठेवली, त बरं होईन." तिकडून तेजराम आपल्या लाल्याची पाठ थोपटत म्हणायचा, "लाल्या, उद्या नाही जमत गा, परवा म्हनाव." बैलांना सांगितलेला शब्द दोघांपैकी कोणीही कधी मोडला नाही. पोरंसोरं हसायची, बायाही पदराआड हसायच्या. पण काम अडत नव्हतं, आणि काम अडत नाही म्हटल्यावर भांडण मिटवायची घाई कोणाला असणार? मला विचाराल तर या बैलांनीच घोटाळा केला. ते नसते, तर दोघं वर्षाच्या आत बोलले असते.

असो. गोमाजी राखणीला लागला.

गावानं त्याची यथेच्छ टर उडवली. पानठेल्यावर कोणी म्हणे पाखरायचा चौकीदार, कोणी म्हणे तेजरामचा गडी. हे दुसरं त्याला झोंबायचं. घरी बायको शकुंतलाबाई तर त्याला सोडायचीच नाही. "घरच्या कोंबडीची अंडी मुंगूस नेते, ते नाही दिसत," ती भाकरी थापता थापता म्हणायची. "अन् लोकाच्या बांधीतली अंडी राखून राहिले माहे मालक." गोमाजी खाली मान घालून जेवायचा आणि पोत्याची खोळ घेऊन बाहेर पडायचा.

सुरुवातीला तो नुसता शब्दाखातर बसला. ढोरं आली तर हाकलायची, पोरांनी दगड उचलला तर आवाज द्यायचा, कुत्रं धुऱ्यावर चढलं तर काठी आपटायची. एवढंच काम. पण दिवसभर एकाच गोष्टीकडे पाहत बसलं, की माणूस तिच्यात गुंततो. नर कुठला, मादी कुठली, हे त्याला आधी कळेना, मग कळायला लागलं. दोघंही पाळीनं अंड्यांवर बसत. एक बसलं, की दुसरं बांध्यांमधून बेडूक टिपत हिंडे. पाळी बदलायच्या वेळी दोघं माना वर करून अशी काही बोंब ठोकत, की पार तलावापर्यंत ऐकू जायची. उठणारं पाखरू आधी चोचीनं अंडी उलटी-पालटी करी आणि मगच उतरे. गोमाजी हे सगळं रात्री बायकोला सांगायचा. ती हूं हूं करायची. पण एके दिवशी तिनंच विचारलं, "अजी, फुटतीन कधी ते?"

भैय्याजीनं सांगितलं होतं, पोळ्यानंतरच्या आठवड्यात. पिल्लू फुटलं, की दुसऱ्याच दिवशी मायच्या मागं चालायला लागतं, हेही सांगितलं होतं. गोमाजीला तेवढंच पाहायचं होतं. आपल्या पोराचं पहिलं पाऊल त्यानं पाहिलं नव्हतं, तेव्हा तो रेल्वेच्या कामावर बाहेर होता. पण त्याची खंत त्याला कधी वाटली नव्हती, आणि आताही तो त्याचा याच्याशी संबंध जोडत बसला नाही. त्याला या पाखरांची पिल्लं चिखलातून चालताना पाहायची होती, बस्स. आयुष्यात इतकी हौस त्यानं कशाचीच केली नव्हती.

भैय्याजीनं दोघांनाही, वेगवेगळं गाठून, एक गोष्ट मात्र पक्की बजावली होती. "देखो भाऊ, सगळा खेळ पाण्याचा आहे. पाणी चढलं त अंडी बुडतीन. पाणी उतरलं त कुत्री-कोल्हे चालत पोचतीन. या बांधीत पाणी जसंच्या तसं पाहिजे." दोघांनीही मान डोलावली. आणि खरं सांगायचं तर त्यांनी ते इमानानं सांभाळलं. रोज सकाळी ढवळ्या आणि लाल्याच्या मार्फत पाण्याचा हिशेब ठरायचा. वरून थोडं सोडायचं, खालून थोडं काढायचं. दोन बैलांना एवढी महत्त्वाची बोलणी याआधी कधी ऐकावी लागली नसतील.

पोळा झाला. बैलांच्या शिंगांना रंग लागला, पुरणपोळीचा घास मिळाला, आणि शेतातलं काम संपलं म्हणून ते गोठ्यात बांधले गेले. आणि तिथून पावसानं झड लावली.

दोन दिवस नुसता रपरप. तिसऱ्या सकाळी गोमाजी खोळ पांघरून शेतावर आला, तर वरची बांधी काठोकाठ भरलेली. मधल्या धुऱ्यातल्या वाटेनं पाणी खाली धो धो चाललेलं. खालच्या बांधीत घरट्याचा ढीग निम्मा बुडाला होता. मादी अंड्यांवर बसून होती, आणि नर चोचीनं पाण्यातलं गवत उपसून तिच्या पोटाखाली सारत होता. पाखरू ते, पण घर वाचवायची त्याची धडपड पाहून गोमाजीनं मांडवाखालचा फावडा उचलला.

तेवढ्यात पलीकडे, खालच्या धुऱ्यावर त्याला तेजराम दिसला. हातात फावडा, डोक्यावर पोतं, पावसात निथळत उभा. त्यानंही गोमाजीला पाहिलं. हाक मारली असती तर पोचली असती इतकंच अंतर.

गोमाजीनं तोंड उघडलं. मग सवयीनं बाजूला पाहिलं, तर ढवळ्या नव्हता. तो घरी गोठ्यात कोरडा उभा राहून कडबा खात होता. आता सांगायचं कोणाला? पावसाला? धुऱ्याला? आणि थेट तेजरामला हाक मारायची, तर मग सात-आठ वर्षं कशासाठी काढली? पहिला कोण बोलला, हे उद्या पानठेल्यावर निघालंच असतं. पलीकडे तेजरामही उजवीकडे-डावीकडे पाहत होता. लाल्याही घरीच होता. दोघं क्षणभर तसेच उभे राहिले आणि मग आपापल्या बाजूला वळले.

गोमाजीनं मनात पक्कं केलं होतं. आपलं पाणी खाली जाऊच द्यायचं नाही. त्यानं आधी मधल्या धुऱ्यातली वाट चिखलानं आणि दगडांनी लिंपून टाकली. मग आपल्या बांधीच्या पूर्वेकडच्या धुऱ्यावर फावडा घातला. त्या बाजूला उतार होता आणि खाली गाडीवाट. त्या बांधीत त्याचा चिन्नोर होता. शिजला की चार घरं वास जातो असा धान, पोरासाठी दरवर्षी पायलीभर कोराडीला पाठवायचा. धुरा फुटला तसं पाणी उसळून बाहेर पडलं आणि मऊ चिखलातला धान मुळासकट उपटून गाडीवाटेवर घेऊन गेलं. गोमाजी पाहत राहिला. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खाली पाहिलं तर घरट्याजवळचं पाणी चढायचं थांबलं होतं. जमलं, असं तो स्वतःशीच म्हणाला, आणि भिजल्या अंगानं घरी आला.

शकुंतलाबाईनं अंग पुसायला धोतर दिलं, चहा दिला. त्यानं सगळं सांगितलं. चिन्नोर वाहून गेला हे ऐकून तिनं कपाळावर हात मारला, पण आश्चर्य म्हणजे शिव्या घातल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तेजरामभाऊजीले सांगतलं का, वरून पानी बंद केलं म्हनून?"

"त्याले कायले सांगा लागते?" गोमाजी म्हणाला. "डोळे हायेत ना त्याले."

डोळे होते. पण मधला धुरा गवतानं वाढलेला, पावसाची सर दाट, आणि तेजरामनं खाली मान घालून फावडा चालवलेला. गोमाजीची भरलेली बांधी आता सगळी आपल्यावर रिकामी होणार, हे त्यानं सकाळीच ओळखलं होतं. एवढं पाणी आलं तर घरटं कुठलं राहतं? म्हणून त्यानं खालचा धुरा चांगला बैलगाडी जाईल एवढा फोडला. त्याचाही उभा धान त्या वाटेनं नाल्यात गेला. त्यालाही वाईट वाटलं, तोही समाधानानं घरी गेला.

दुपारी झड उघडली. इतके दिवस कोसळणाऱ्या पावसाला नेमकं तेव्हाच थांबायचं होतं. गोमाजी जेवून, काठी टेकत शेतावर आला आणि मांडवाजवळ पोचताच त्यानं खाली पाहिलं. तेजरामच्या बांधीत पाणीच नव्हतं. नुसता चिखल, चिखलात आडवा पडलेला धान, आणि मधोमध उघडा पडलेला घरट्याचा ढीग. वरून येणारं पाणी त्यानं बंद केलं होतं, खालून जाणारं तेजरामनं मोकळं केलं होतं.

तेजराम आधीच आला होता. खालच्या धुऱ्याचं भगदाड बुजवायला तो घामाघूम होऊन माती ओढत होता. गोमाजीनं मधली वाट दोन्ही हातांनी उपसून मोकळी केली, पण सोडायला वर पाणी कुठं होतं? ते केव्हाच गाडीवाटेनं गेलं होतं. धुऱ्याच्या दोन बाजूंना दोन बांध्या सारख्याच कोरड्या पडलेल्या. गोमाजी तिथंच धुऱ्यावर बसला. तेजरामनं वर पाहिलं, वरचा फुटलेला धुरा पाहिला, आणि त्याच्या हातातला फावडा थांबला. काय झालं ते दोघांनाही एकाच वेळी कळलं. तरीही कोणी बोललं नाही. बोलून आता काय होणार होतं, असं दोघांनाही वाटलं असेल.

संध्याकाळपर्यंत दोघं कुत्र्यांना हाकलत राहिले, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. पण माणसं एवढ्या जवळ म्हटल्यावर पाखरं घरट्याकडे येईनात. लांब उभी राहून ओरडत राहिली. अंडी थंड पडत होती. शेवटी अंधार पडायला आला तसा गोमाजी उठला आणि गावाकडे चालायला लागला. मागोमाग तेजरामही उठला. मागं वळून पाहिलं तेव्हा मादी चिखलातून एकेक पाय उचलत घरट्याकडे निघाली होती.

सकाळी गोमाजी गेला, तर तेजराम घरट्याजवळ उकिडवा बसला होता. कवचाचे तुकडे पडलेले, गवताला पिवळं-लाल चिकटलेलं, आणि चिखलात कोल्ह्याच्या पावलांची ओळ गेलेली. एका कवचात पिल्लू जवळजवळ पुरं झालेलं होतं. पाय दिसत होते. दोन्ही सारस दूर तिसऱ्याच्या बांधीत उभे होते, ओरडत नव्हते.

गोमाजी चिखलात उतरला. गुडघे दुखत होते, तरी तेजरामच्या शेजारी जाऊन बसला.

"तेजराम," तो म्हणाला, "काल सकारी मी दिसलो होतो ना तुले?"

"दिसला होता."

"मंग आवाज काहून नाही देल्ला?"

तेजरामनं नाक पुसलं. "देनार होतो. वाटलं, तू देशीन."

"मलेही तेच वाटलं," गोमाजी म्हणाला.

मग तेजराम रडला. साठीतला माणूस, उघड्या शिवारात, लेकरासारखा. गोमाजीला रडू आलं नाही. त्याला राग आला होता, आणि तो काढायला समोर दुसरं कोणी नव्हतं. त्यानं कवचाचे तुकडे गोळा केले आणि धुऱ्यात हातानं खड्डा करून पुरले.

त्या रविवारी भैय्याजी मंडळाची माणसं घेऊन पिल्लं पाहायला आला. दोघांनी मिळून त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. भैय्याजीनं दुर्बीण गळ्यातून काढली. मग म्हणाला, "तुम्ही दोघंही बोलत नाही, हे मले कोणी सांगतलं काहून नाही?" जमलेली गावातली माणसं एकेक करून पानठेल्याकडे वळली.

त्या दिवशी तेजराम पुष्कळ वर्षांनी गोमाजीच्या घरी आला. फुटलेले धुरे कसे घालायचे, माती कुठून आणायची, मधला धुरा कुठं बसवायचा, ते सगळं चहाच्या एका कपात ठरलं. हातभर जागेचं तर कोणी नावही काढलं नाही. तो गेल्यावर शकुंतलाबाई कप उचलता उचलता म्हणाली, "चला, गावात समदे म्हनून राहिले, पाखरायनं तुमाले बोलतं तरी केलं. तेवढं त चांगलं झालं."

"चांगलं कोनाचं झालं?" गोमाजी म्हणाला. "आमच्या बोलन्याचं त्यायले का करा लागते? त्यायची लेकरं गेली."

शकुंतलाबाईनं कप मोरीत ठेवले आणि भात चढवायला आत गेली.